टर्मशीट (गुंतवणुकीच्या अटींचा प्राथमिक मसुदा) आली आहे: १२ कोटी प्री-मनी (गुंतवणुकीआधीचं मूल्य), ३ कोटी गुंतवणूक. सही करण्याआधी काय तपासावं?

स्पिंडल४२२०१०

नाशिकची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. दोन संस्थापक, ६०:४० हिस्सा, दहा रुपये दर्शनी किमतीचे एकूण १०,००० शेअर. सीएनसी आणि व्हीएमसी (संगणकाच्या सूचनांवर धातू कापणारं) मशीन किती वेळ चाललं, किती वेळ उभं राहिलं आणि का उभं राहिलं हे मोजणारं उपकरण व त्याचं सॉफ्टवेअर देतो. नव्या मशीनच्या कंट्रोलरला इथरनेट असेल तर तिथून डेटा घेतो, जुन्या मशीनला स्पिंडल मोटरच्या वायरवर सीटी क्लॅम्प (वीजप्रवाह मोजणारी कडी) बसवतो. अंबड, सातपूर, सिन्नर मिळून ४३० मशीनवर उपकरण आहे. त्यातल्या ३१० मशीनचे पैसे येतात (मशीनमागे महिना १,५०० अधिक जीएसटी), बाकी ट्रायलवर.

मुंबईच्या एका व्हीसी (व्हेंचर कॅपिटल) फंडाने टर्मशीट दिली आहे. ठळक अटी:

३ कोटी, प्री-मनी १२ कोटी, फुली डायल्यूटेड (पुढे होऊ शकणारे सगळे शेअर धरून), सीसीपीएस (पुढे सक्तीने इक्विटी होणारे प्रेफरन्स शेअर) स्वरूपात
१० टक्के ईसॉप पूल (कर्मचाऱ्यांसाठी राखीव शेअर), प्री-मनीमध्येच
१एक्स पार्टिसिपेटिंग लिक्विडेशन प्रेफरन्स (कंपनी विकली तर फंडाला आधी गुंतवलेली रक्कम, मग उरलेल्यातही वाटा)
फुल रॅचेट अँटी-डायल्यूशन (पुढची फेरी कमी भावाने झाली तर फंडाचा भावही तेवढाच खाली)
पैसे दीड-दीड कोटींच्या दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता १,००० ‘पेड’ मशीन झाल्यावर
संस्थापकांच्या शेअरवर चार वर्षांचं व्हेस्टिंग (शेअर टप्प्याटप्प्याने पक्के होणं)
पाच वर्षांत एक्झिट (शेअर विकून बाहेर पडायची संधी) न मिळाल्यास कंपनीने किंवा संस्थापकांनी शेअर परत घ्यायचे
४५ दिवस एक्सक्लुझिव्हिटी (या काळात दुसऱ्या गुंतवणूकदाराशी बोलायचं नाही), ड्यू डिलिजन्सचा (कंपनीच्या तपासणीचा) खर्च कंपनीकडे

आमचे सीए म्हणतात की व्हॅल्यूएशन चांगलं आहे, सही करून टाका. नेमका किती हिस्सा जातो, अडायचं कुठे, आणि सही ते पैसे खात्यात येणं यात काय काय करावं लागतं?

कॅपटेबल_वाचक

आधी तो १२ कोटींचा आकडा बाजूला ठेवा. तो तुमच्या कंपनीचा भाव नाही. पोस्ट-मनी (पैसे आल्यानंतरचं मूल्य) १५ कोटी, त्यात फंडाचे २० टक्के आणि पूलचे १० टक्के. पूल प्री-मनीत धरल्यामुळे तो सगळा तुमच्या दोघांच्याच वाट्यातून निघतो. तुमच्याकडे उरतात ७० टक्के, म्हणजे आज हातात असलेल्या १०,००० शेअरची किंमत १०.५ कोटी. खरं प्री-मनी हेच.

शेअरमध्ये मांडा: १०,००० भागिले ०.७० म्हणजे एकूण १४,२८६ शेअर. फंडाचे २,८५७, पूलचे १,४२९. एका शेअरचा भाव १०,५०० रुपये. २,८५७ × १०,५०० = २,९९,९८,५००. बरोब्बर तीन कोटी येत नाहीत. करारात आणि ऑफर लेटरमध्ये हाच आकडा लिहा. बँकेत ३,००,००,००० आले तर वरचे १,५०० परत करत बसावं लागतं.

पूल या गुंतवणूक फेरीनंतर सगळ्यांच्या वाट्यातून काढला असता तर भाव १२,००० आणि फंडाचे शेअर २,५००. मग पूल उभा केल्यावर तुम्ही ७२, फंड १८, पूल १०. म्हणजे या एका ओळीत दोन टक्के इकडून तिकडे जातात. ‘पूल बाहेर काढा’ याला फंड सहसा तयार होत नाही. पण १० टक्केच का, हे जरूर विचारा. येत्या १८ महिन्यांत कोणाला घेणार आहात त्याची यादी करा, पदासमोर टक्के लिहा. बेरीज ६ आली तर ६ चाच पूल मागा. यादी समोर असली की हा मुद्दा बऱ्याचदा मान्य होतो, नुसतं ‘कमी करा’ म्हटलं की होत नाही.

आता लिक्विडेशन प्रेफरन्स. घासाघीस करायची तर सगळी ताकद इथे लावा. समजा कंपनी १० कोटींना विकली, पूल पूर्ण वाटलेला आहे. पार्टिसिपेटिंगमध्ये फंड आधी ३ कोटी उचलतो, मग उरलेल्या ७ कोटींतही २० टक्के घेतो: एकूण ४.४ कोटी. तुम्हा दोघांना ४.९. नॉन-पार्टिसिपेटिंगमध्ये फंडाला एकच काहीतरी निवडावं लागतं, ३ कोटी किंवा २० टक्के. तो ३ घेईल. उरलेले ७ तुम्ही आणि पूल ७०:१० प्रमाणात वाटून घेता, तुम्हाला ६.१ कोटींच्या वर मिळतात. विक्री ३० कोटींना झाली तर पार्टिसिपेटिंगमध्ये फंड ८.४ आणि तुम्ही १८.९, नॉन-पार्टिसिपेटिंगमध्ये फंड ६ आणि तुम्ही २१. एक शब्द, सव्वा ते दोन कोटींचा फरक. सीड (सुरुवातीच्या) फेरीत १एक्स नॉन-पार्टिसिपेटिंग मागणं यात काहीच गैर नाही. शिवाय पुढच्या फेरीतला गुंतवणूकदार हीच अट आपल्यासाठीही मागतो, मग थर चढत जातात.

फुल रॅचेट सरळ नाकारा, त्याऐवजी सगळे शेअर धरून काढलेली सरासरी, म्हणजे ब्रॉड-बेस्ड वेटेड अॅव्हरेज लिहा. समजा पुढची फेरी अर्ध्या भावाने, ५,२५० ने झाली आणि दीड कोटी आले. फुल रॅचेटमध्ये फंडाचे २,८५७ सीसीपीएस रूपांतरात ५,७१४ इक्विटी शेअर होतात. वेटेड अॅव्हरेजमध्ये नवा रूपांतर भाव = १०,५०० × (१४,२८६ + १,४२९) ÷ (१४,२८६ + २,८५७) (दीड कोटींत जुन्या भावाने १,४२९ शेअर येतात, नव्या भावाने २,८५७), म्हणजे सुमारे ९,६२५; शेअर होतात सुमारे ३,११७. मधले जवळपास २,६०० शेअर तुमच्या आणि कर्मचाऱ्यांच्या वाट्यातून जातात. सूत्रात ईसॉप वाटप आणि नंतरचा बोनस, स्प्लिट हे अपवाद म्हणून लिहून घ्या, नाहीतर कर्मचाऱ्याला स्वस्तात शेअर दिला तरी अट लागू होते.

बायबॅकच्या (शेअर परत घेण्याच्या) कलमातून ‘किंवा संस्थापकांनी’ हे शब्द काढलेच पाहिजेत. ते राहिले तर ही गुंतवणूक नाही, तुमच्या घरावरचं कर्ज आहे. कंपनीवरची जबाबदारी राहू द्या. कंपनी कायद्याच्या कलम ६८ प्रमाणे कंपनीला भरणा भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या २५ टक्क्यांपर्यंतच बायबॅक करता येतो, आणि एका बायबॅकनंतर वर्षभर दुसरा नाही. म्हणजे कायद्यानेच मर्यादा आहे. पाचऐवजी सात वर्षं मागा.

व्हेस्टिंगला विरोध नको, ते तुमच्या एकमेकांच्या संरक्षणासाठीही आहे. फक्त आतापर्यंतच्या कामाचं श्रेय मागा: २५ ते ४० टक्के शेअर आजच व्हेस्ट झालेले, उरलेले दरमहा. ‘गुड लीव्हर’ आणि ‘बॅड लीव्हर’ (योग्य कारणाने आणि चुकीच्या कारणाने कंपनी सोडणारा) यांच्या व्याख्या टर्मशीटमध्येच हव्यात. आजारपणामुळे बाहेर पडणारा बॅड लीव्हर ठरता कामा नये.

स्पिंडल४२२०१०

हिशोब समजला. हप्त्यांचं काय? दुसऱ्या हप्त्याचा भाव तोच आहे, म्हणून त्यात धोका दिसला नव्हता. आणि ड्यू डिलिजन्समध्ये फ्रीलान्सरकडून लिहून घेतलेलं सॉफ्टवेअर, मित्र-नातेवाइकांकडून कंपनीत घेतलेले पैसे यांचे कागद कसे लागतात?

फंडाच्या_बाजूने

हप्त्यांबद्दल. पहिल्या दीड कोटीनंतर फंडाकडे १,४२९ शेअर असतील. पूल धरून एकूण १२,८५८, म्हणजे ११ टक्क्यांच्या आसपास. पण बोर्डावरची जागा आणि सगळे व्हेटो मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण. म्हणून अधिकारांना टप्पा लावा: दुसरा हप्ता ठरल्या तारखेपर्यंत आला नाही तर कोणते अधिकार कमी होतील ते लिहा. ‘पेड मशीन’ची व्याख्या आजच करा: ज्या मशीनचं सलग तीन महिन्यांचं बिल निघालं आणि पैसे बँकेत आले ते. ९४० झाली तर काय? ८०० च्या पुढे प्रमाणात पैसे, अशी पायरी मागा. नाहीतर ९४० वर अडलेली कंपनी बाहेर पैसे मागायला गेली की पहिला प्रश्न येतो, आहे त्याच फंडाने पुढचे का दिले नाहीत? आणि मग भाव पडतो, आणि रॅचेट तुमच्याच अंगावर येतो.

पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. समोरच्या फंडाचं गणित तुमच्या धंद्याला बसतं का?

१०० कोटींचा फंड धरा. वर्षाला २ टक्के व्यवस्थापन शुल्क, आठ-दहा वर्षांचं आयुष्य, वर इतर खर्च. प्रत्यक्ष गुंतवायला ८० कोटींच्या आसपास उरतात. त्यातले निम्मे पुढच्या फेऱ्यांसाठी राखीव ठेवले तर पहिल्या चेकसाठी ४० कोटी, तीन-तीन कोटींच्या तेरा कंपन्या. निम्म्याहून जास्त कंपन्यांतून काही येणार नाही हे फंड गृहीतच धरतो. म्हणून प्रत्येक कंपनीकडे तो एकाच नजरेने पाहतो: ही एकटी पूर्ण फंड परत करू शकते का? आज २० टक्के घेतले, पुढच्या तीन फेऱ्यांत प्रत्येकी १५ टक्के पातळ झाले की १२ टक्क्यांच्या जवळ उरतात. १०० कोटी परत यायला कंपनी ८०० कोटींच्या वर विकली गेली पाहिजे. उत्पन्नाच्या आठपट भाव धरला तर वर्षाला १०० कोटींच्या पुढे उत्पन्न. तुमच्या मशीनमागे वर्षाला १८,००० येतात. भागून बघा: ५५ हजारांहून जास्त मशीन.

अंबड-सातपूरमध्ये तेवढी मशीन नाहीत. चाकण, राजकोट, कोइंबतूर, पीन्या, लुधियाना, फरिदाबाद हे सगळं धरावं लागेल आणि त्या प्रत्येक ठिकाणी बसवणारा, दुरुस्त करणारा माणूस लागेल. दुसरं, नाशिकचे बहुतेक जॉब शॉप (दुसऱ्यांसाठी सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने) वाहन उद्योगाचं काम करतात. त्या उद्योगात मंदी आली की तुमचे सगळे ग्राहक एकाच तिमाहीत शिफ्ट कमी करतात आणि १,५०० ची वर्गणी आधी बंद होते. हे दोन्ही प्रश्न गुंतवणूक समितीत येणारच. उत्तर तयार नसेल तर फंड पैसे देतानाच तुमच्याबद्दलची अपेक्षा खाली आणून ठेवतो आणि पुढच्या फेरीत हात आखडता घेतो.

डेटा रूममध्ये (फंडाला दाखवायच्या कागदांच्या संचात) ४३० लिहू नका, ३१० लिहा. मशीननिहाय तक्ता द्या: बसवल्याची तारीख, पहिलं बिल, शेवटचे पैसे, बंद झालं असल्यास कारण. जीएसटी वगळून. उपकरणाची विक्री आणि मासिक वर्गणी वेगळी. उपकरणाच्या विक्रीला १२ ने गुणून वार्षिक आवर्ती उत्पन्न दाखवणारे सादरीकरण पाहिलं की विश्लेषक बाकीच्या आकड्यांवरही शंका घेतो. एका मशीनचा हिशोबही मांडा. उपकरण आणि बसवणं मिळून ८,५०० खर्च असेल आणि वर्गणीतून सिम, सर्व्हर, सेवा वजा जाता १,१०० उरत असतील, तर खर्च भरून यायला जवळपास आठ महिने. ग्राहक चौथ्या महिन्यात सोडून गेला तर उपकरण परत येतं का, हेही त्यात.

आणि उलट बाजूने तुम्ही फंडाची चौकशी करा. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत एआयएफची (पर्यायी गुंतवणूक फंडांची) यादी असते. व्हेंचर कॅपिटल फंड हे श्रेणी एकमध्ये येतात, त्यात नाव बघा. फंडाचं पहिलं क्लोजिंग (पैसे जमवण्याचा पहिला टप्पा पूर्ण होणं) कोणत्या वर्षी झालं ते विचारा. फंडाची पाच वर्षं संपलेली असतील तर ‘पाच वर्षांत एक्झिट’ ही अट कुठून आली ते कळेल. पुढच्या फेरीसाठी तुमच्या नावावर किती राखीव ठेवणार, हेही. अशा फंडाला एका कंपनीत गुंतवणूकयोग्य रकमेच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त टाकता येत नाही, त्यामुळे छोट्या फंडाची पुढची ताकद मोजता येते. आणि ज्या कंपन्या बुडाल्या त्यांच्या संस्थापकांशी बोला. यशस्वी कंपन्यांचे नंबर फंड स्वतःच देतो.

सीएस_कॉलेजरोड

कागदांचं सांगतो.

सॉफ्टवेअर: कर्मचाऱ्याने नोकरीत लिहिलेल्या कोडचा पहिला मालक कंपनी असते, फ्रीलान्सरने किंवा प्रोजेक्टसाठी आलेल्या विद्यार्थ्याने लिहिलेल्याचा तो स्वतः. पैसे दिले म्हणून मालकी येत नाही, लेखी असाइनमेंट (हक्क हस्तांतरण) लागतं. तेही नुसतं ‘सर्व हक्क दिले’ असं नको. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. शिवाय दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर असाइनमेंट संपुष्टात येतं, म्हणून ते पोटकलम लागू नाही असंही लिहा. ‘कायमस्वरूपी, जगभर’ हे शब्द हवेत. संस्थापकांनी कंपनी नोंदण्याआधी लिहिलेला कोड, फर्मवेअर, पीसीबीची (सर्किट बोर्डची) डिझाइन फाइल, डोमेनचं नाव हे सगळं त्याच पद्धतीने कंपनीच्या नावावर. उपकरणात वायफाय, ब्लूटूथ किंवा लोरा असं बिनतारी तंत्र असेल तर त्याची डब्ल्यूपीसीची (दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेची) इक्विपमेंट टाइप अॅप्रूव्हल काढलेली हवी. हार्डवेअरच्या ड्यू डिलिजन्समध्ये हा कागद हमखास मागतात.

पैसे: संचालकाने स्वतःचे, कर्जाऊ न घेतलेले पैसे दिले आणि तसं लेखी दिलं तर ते कायद्याने बंधन घातलेली ठेव धरत नाहीत. प्रायव्हेट कंपनीत संचालकाच्या नातेवाइकालाही हीच सवलत आहे. पण कायद्यातली नातेवाइकांची यादी ठरलेली: पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र कुटुंबाचे सदस्य. मेव्हणा त्यात नाही, काका नाही, चुलतभाऊ नाही, मित्र तर नाहीच. त्यांचे पैसे ठेव ठरतात. फेरीआधी ते परत करून बँकेचा पुरावा ठेवणं हा स्वच्छ मार्ग. ‘कन्व्हर्टिबल नोट (पुढे शेअरमध्ये बदलणारं कर्ज) करून टाकू’ असं कोणी सुचवलं तर लक्षात ठेवा, त्यासाठी डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) स्टार्टअप मान्यता लागते आणि एका व्यक्तीकडून एकाच हप्त्यात किमान २५ लाख. ३१ मार्चची थकबाकी दाखवणारा डीपीटी-३ फॉर्म दरवर्षी ३० जूनपर्यंत भरलेला हवा.

आता सही ते पैसे. क्रम चुकला की सगळं अडतं.

अधिकृत भांडवल पुरेसं आहे का ते आधी बघा आणि त्यात प्रेफरन्स भांडवलाचा वेगळा भाग करा, त्यासाठी एसएच-७ फॉर्म भरा. याच वेळी शेअर स्प्लिट करून घ्या. १०,००० शेअरवर भाव १०,५०० येतो. लाखभर रुपयांचे ईसॉप द्यायचे म्हटलं तर साडेनऊ शेअर होतात. दर्शनी किंमत १ रुपया केली की भाव १,०५० होतो आणि वाटप सोपं जातं. भाव आणि शेअरसंख्या मग सगळ्या कागदांत नव्याने लिहा.

नंतर नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल. एंजल टॅक्स (वाजवी मूल्याहून जास्त भावाने शेअर दिल्यावर लागणारा कर) करनिर्धारण वर्ष २०२५-२६ पासून गेला, म्हणून अहवाल लागत नाही असं काही जण सांगतात. तो प्राप्तिकराचा भाग झाला. कंपनी कायद्यासाठी अहवाल लागतोच.

मग बोर्ड सभा, विशेष ठराव, तो कंपनी निबंधकाकडे नोंदवायचा एमजीटी-१४ फॉर्म. ठराव फाइल होण्याआधी पीएएस-४ ऑफर लेटर देता येत नाही. वेगळं बँक खातं उघडा, अर्जाचे पैसे फक्त तिथेच आणि फक्त गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या खात्यातून. पैसे आल्यापासून ६० दिवसांत वाटप, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत परतावा. तोही चुकला तर साठाव्या दिवसापासून १२ टक्के व्याज. वाटपानंतर १५ दिवसांत त्याचा पीएएस-३ फॉर्म. आणि पीएएस-३ भरेपर्यंत त्या पैशांतला एक रुपयाही वापरायचा नाही. पैसे आले त्याच संध्याकाळी पगार काढले जातात, इथेच सगळ्यात जास्त कंपन्या अडकतात. दंड उभारलेल्या रकमेइतका किंवा दोन कोटी, यातलं कमी असेल तिथपर्यंत जाऊ शकतो.

तुमच्या बाबतीत दुसरा हप्ता ६० दिवसांच्या बाहेर जाणार, म्हणजे त्याचं ऑफर लेटर आणि वाटप वेगळं. ठरावानंतर वाटप १२ महिन्यांत पूर्ण करावं लागतं, तेही बघा.

आर्टिकल्समध्ये (कंपनीच्या नियमावलीत) शेअरहोल्डर्स करारातल्या अटी उतरवायला विसरू नका. शेअर हस्तांतरणावरचे निर्बंध आर्टिकल्समध्ये नसतील तर ते कंपनीवर बंधनकारक नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन प्रकरणात सांगितलं आहे. फंडाचे वकील ते पाहतीलच; तुमच्या बाजूच्या अटीही उतरल्या का ते तुम्ही पाहा.

उधारी_नको

वेगळा सूर लावतो. ३१० मशीन म्हणजे महिन्याला ४.६५ लाख. वर दिलेलं ५५ हजार मशीनचं गणित पटत नसेल, तर व्हीसीचे पैसे घेऊच नका. दोन-तीनशे कारखान्यांत घट्ट बसलेली, वर्षाला पाच-सात कोटींची नफ्यातली कंपनी ही चांगलीच कंपनी आहे, फक्त ती फंडाची कंपनी नाही. वर्षाची वर्गणी आगाऊ भरली तर दोन महिने मोफत अशी योजना लावा: १५,००० गुणिले ३१०, निम्म्यांनी घेतली तरी २३ लाख हातात. खेळत्या भांडवलासाठी सीजीटीएमएसईच्या (छोट्या उद्योगांसाठीच्या कर्ज हमी न्यासाच्या) हमीवर तारण न देता कर्ज मिळतं. ट्रेड्सवर (बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर) बिल डिस्काउंट करायचं असेल तर खरेदीदार मोठी कंपनी लागते, जॉब शॉपच्या बिलांना तिथे उपयोग नाही.

कॅपटेबल_वाचक

हे बरोबर आहे, पण आगाऊ वर्गणीचे पैसे ताळेबंदात देणं म्हणून दाखवा, त्या महिन्याचं उत्पन्न म्हणून नाही. जीएसटी मात्र आगाऊ रकमेवर लगेच भरावा लागतो.

स्पिंडल, टर्मशीटला उत्तर देताना सगळ्या मुद्द्यांवर भांडू नका. चार ठेवा: नॉन-पार्टिसिपेटिंग, वेटेड अॅव्हरेज, बायबॅकमधून संस्थापक बाहेर, दुसऱ्या हप्त्याची व्याख्या. व्हॅल्यूएशन आहे तसं राहू द्या. एक्सक्लुझिव्हिटी ४५ ऐवजी ३० दिवस मागा आणि फंडाने भाव किंवा मुख्य अटी बदलल्या तर ती आपोआप संपेल असं लिहा. टर्मशीटचा बाकी भाग बंधनकारक नसतो, पण एक्सक्लुझिव्हिटी, गोपनीयता आणि खर्च हे तीन असतात. खर्चाला आकड्यात कमाल मर्यादा घाला आणि व्यवहार फंडाच्या बाजूने मोडला तर खर्च त्यांचा.

सीएस_कॉलेजरोड

वर एक राहिलं. एआयएफला नवी गुंतवणूक डीमॅटमध्येच ठेवावी लागते. म्हणून शेअर रजिस्ट्रार नेमून एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीकडून आयसिन (शेअरचा ओळख क्रमांक) काढा. इक्विटीचा आयसिन वेगळा, सीसीपीएसचा वेगळा. प्रवर्तकांचे शेअर आधी डीमॅट करून घ्या. दोन-तीन आठवडे सहज जातात, त्यामुळे टर्मशीटवर सही झाली की वकिलाच्या आधी रजिस्ट्रारला फोन करा. स्प्लिट करणार असाल तर ते आयसिनच्या अर्जाआधी, नाहीतर नवा आयसिन पुन्हा काढावा लागतो.